मी चालू हाय

देवाला भिणारी माणसं जगात पुष्कळ आहेत, बायकोला भिणारी त्याहून पुष्कळ आहेत, पण स्वतःच्याच छातीला भिऊन वागणारा माणूस अख्ख्या मुळशी तालुक्यात एकच झाला आणि तो नेमका आमच्या वाट्याला व्याही म्हणून आला. व्याही म्हणजे माझ्या लेकीचे सासरे. पोलिसात हवालदार. गाव माले, नोकरी लवळ्याच्या अलीकडच्या एका चौकीत, आणि देह असा की आधी पोट कामावर हजर व्हायचं आणि मग त्याच्या मागून हवालदार यायचे. त्यांचं नाव मी सांगणार नाही. का सांगणार नाही ते पुढं कळेल. सध्या एवढंच धरून चाला की ते मला 'इवाई' म्हणतात, मी त्यांना 'व्याहीबुवा' म्हणतो, आणि पाठीमागं आम्ही एकमेकांना काय म्हणतो ते दोघांनाही पक्कं ठाऊक आहे.

छातीवर कॅमेरा यायच्या आधीचे व्याहीबुवा ज्यांनी ऐकलेत, ते भाग्यवान. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, पण ही भाषा एवढी श्रीमंत आहे हे मला त्यांच्या तोंडून कळलं. ते रागानं शिव्या देत, प्रेमानं देत, काळजीनं देत. फटफटीला किक बसली नाही तर फटफटीला देत आणि बसली तर कौतुकानं आणखी एक देत. शनिवार-रविवारी धरणाकडे निघालेल्या मोटारी रस्त्यात एकमेकींत अडकून बसल्या की हे एका दगडावर उभे राहायचे आणि कुणाच्या तरी पणजोबापासून सुरुवात करून एकच लांब शिवी सोडायचे. तिचं शेपूट संपेपर्यंत रस्ता मोकळा झालेला असे. गंमत म्हणजे तक्रार कुणीच केली नाही, कारण ज्याला ती लागली त्याला वाटायचं, शेजारच्याला लागली. एवढी नोकरी झाली तरी त्यांच्या नोंदीत लाल शाईचा एक शेरा नव्हता आणि त्याचा त्यांना भारी अभिमान. "तांबडा ठिपका घावायचा न्हाई, इवाई," ते मिशीवरून हात फिरवत सांगायचे, "आसंच कोरं जानार मी घरी."

मग तो कॅमेरा आला. साबणाच्या वडीएवढा काळा डबा, मधोमध भिंग, चालू झाला की वर एक लाल दिवा लुकलुकायचा. साहेबांनी तो यांच्या खाकी सदऱ्यावर लावला, हातात नियमांची पुस्तिका दिली, आणि आमचा माणूस बदलला. पोरं पाढे पाठ करतात तशी त्यांनी ती पुस्तिका पाठ केली. चौकीजवळच्या माझ्या घरी, ओसरीवर बसून म्हणून दाखवायचे, "म्होरच्या मानसाला आदी सांगायचं, बाबा, चित्रीकरन चालू हाय. भानगड मिटस्तवर बंद करायचा न्हाई. कुनाच्या घरात इचारल्याबिगर चालू ठिवायचा न्हाई. घरगुती कामाला वापरायचा न्हाई. आन आत काय घावलंय, त्ये आपल्या हातानं पुसायचं न्हाई का काढून घ्यायचं न्हाई." मी शाबासकी दिली की खूश व्हायचे. त्या वर्षी खंडेनवमीला घरच्या कोयत्या-कुदळीशेजारी त्यांनी तो कॅमेरा आणि ती पुस्तिका पाटावर मांडली आणि दोघांना यथासांग हळदकुंकू वाहिलं. वाहिलं ते भिंगावरच. पुढचे कितीतरी दिवस चौकीतलं प्रत्येक चित्रीकरण गुलाबी निघत होतं. "तुमच्या हद्दीत रोज मिरवणूक असते का हो?" असं साहेबांनी विचारलं, तेव्हा कुठं ते भिंग ओल्या फडक्यानं पुसलं गेलं. पुस्तिका मात्र तशीच कुंकवासकट देव्हाऱ्यात गेली, कारण आता ती, शेवटची दोन पानं सोडली तर, पाठच होती.

'म्होरच्या मानसाला आदी सांगायचं' या एका नियमानं आमच्या भागात जी शांतता नांदली, ती कशानंच नांदली नसती. माल्याला दोन चुलतभावांचं बांधावरून जुंपलं होतं. एकाच्या हातात कुदळ, दुसऱ्याच्या हातात दगड, मध्ये व्याहीबुवा. त्यांनी छाती पुढं काढून खणखणीत आवाजात सांगितलं, "आपलं चित्रीकरन चालू हाय!" कुदळवाला थबकला. डोक्याला हात लावून म्हणाला, "आरं, मग थांबा की वाईच. टोपी न्हाई डोस्क्याव." तो टोपी आणायला घरी गेला. दगडवाला म्हणाला, "आन मी काय आसाच दिसू? कवळी घालून येतो." बायका पदर सारखे करू लागल्या, एका म्हातारीनं सुनेला इरकली लुगडं आणायला पिटाळलं. अर्ध्या तासानं दोघं भाऊ नीटनेटके होऊन बांधावर हजर झाले तेव्हा राग घरीच राहिला होता. "आदी तुमी बोला," "न्हाई न्हाई, थोरले तुमी," असं करत दोघांनी बांध इतका मधोमध घातला की मोजणीवाल्याला काही कामच उरलं नाही.

खरी पंचाईत व्याहीबुवांची स्वतःची होती. कॅमेऱ्यात आवाजही जातो हे कळल्यापासून त्यांच्या शिव्या बंद झाल्या. म्हणजे तोंडातून बंद झाल्या, पोटात तयार होतच होत्या. समोर गुन्हेगार आला की मिशी थरथरायची, मान फुगायची, कान लाल व्हायचे आणि बाहेर पडायचं काय, तर "आपन आसं कराया नको हुतं." लवळ्याच्या रस्त्यावर कॉलेजची तीन पोरं एकाच गाडीवरून उलट दिशेनं आली आणि व्याहीबुवांच्या पोटावर येऊन थांबली. यांनी डोळे मिटले, दीर्घ श्वास घेतला आणि हात जोडून म्हणाले, "आपन तिगं कोन हाय, त्ये मला चांगलं ठावं हाय. पन मला म्हनता येत न्हाई. मी चालू हाय." पोरांना त्यांच्या शिव्यांची कीर्ती ठाऊक होती. न दिलेल्या शिवीनं ती जास्त घाबरली आणि गाडी ढकलत हॉस्टेलपर्यंत गेली. 'मी चालू हाय' हे त्यांचं पालुपदच होऊन बसलं. कॅमेरा चालू आहे एवढं लांबण कोण लावणार? पहिल्यांदा आमच्या दारात उभं राहून ते गंभीरपणे म्हणाले, "ताई, आदीच सांगतो, मी चालू हाय," तेव्हा आमची ही माझ्या कानाशी पुटपुटली, "ते लग्नाच्या याद्या करतानाच कळलं होतं आपल्याला."

घरात विचारल्याशिवाय कॅमेरा चालू ठेवायचा नाही, म्हणून ते उंबऱ्यावर थांबून तो बंद करायचे, "आता मी बंद हाय" अशी द्वाही फिरवायचे आणि आत यायचे. आत म्हणजे घरात नव्हे, मागच्या अंगणात. तिथं आमचं पेरूचं झाड आहे. दिवसभरात साठलेल्या सगळ्या शिव्या ते त्या झाडापुढं उभं राहून एकामागून एक मोकळ्या करायचे. कुठली कुणाची, ते नीट लावून ठेवलेलं असे. "ही त्या काळ्या मोटारवाल्याची. ही तिगांची. ही सायबाची, पन सायेब मानूस चांगला हाय, म्हनून बारकी." मग तोंड धुऊन, हलके होऊन चहाला बसायचे. त्या वर्षी आमच्या पेरूला एक फळ धरलं नाही. ही म्हणायची, झाडालाही मन असतं. आमच्या एका खोलीत भाड्यानं राहणारी कॉलेजची पोरं मात्र त्या वेळी मागच्या खिडकीत वह्या घेऊन बसायची.

आता विहीणबाई. नवरा जितका गडगडणारा तितकी ही माउली अबोल. अंगानं काटकुळी, सदा कामात, हसली तरी पदराआड. तिनं नवऱ्याचं नाव कधी घेतलं नाही. जुन्या बायका घेत नाहीतच, पण निदान उखाण्यात तरी घेतात. ही उखाण्यातही घेत नसे. आमच्या लेकीच्या लग्नात बायकांनी दार अडवलं, शपथा घातल्या. हिनं पहिली ओळ छान म्हटली, दुसरीत नाव यायचं तिथं आली, ओठ घट्ट मिटले, पदर तोंडावर ओढला आणि बायकांच्या हाताखालून वाकून पळाली. रेशनच्या दुकानात नवऱ्याचं नाव विचारलं तर ती हनुवटीनं चौकीकडं दाखवायची. व्याहीबुवा वरवर थट्टा करायचे, पण एकदा चहाच्या कपात बघत मला म्हणाले, "सारा तालुका नाव घेतोय माजं, इवाई. बरं घेतोय, वाईट घेतोय. घरातनं काय निघालं न्हाई बगा कदी." एवढा मोठा माणूस, पण हे बोलताना अगदी लहान दिसला.

आणि मग ते निघालं. त्या दिवशी ते जेवणाचा डबा घरी विसरून आले होते. धनगराच्या शेळ्यांनी एका बंगलेवाल्याची गुलाबाची रोपं खाल्ली होती, त्याची भानगड चौकीसमोर नुकतीच मिटत आली होती आणि कॅमेरा अजून चालू होता. तेवढ्यात दुधाच्या टेम्पोतून विहीणबाई उतरल्या, हातात डबा. व्याहीबुवा वळले आणि सवयीनं, समोर कोण आहे याचा विचार न करता, म्हणाले, "आपलं चित्रीकरन चालू हाय. नाव सांगा." म्हणून झाल्यावर त्यांना कळलं. धनगर हसायला लागला, शेळ्या थांबल्या. विहीणबाईंनी मात्र त्या लाल दिव्याकडं वाकून पाहिलं. विचारलं, "ह्यात बोललेलं ऱ्हातं व्हय?" हे म्हणाले, "ऱ्हातं की." "कायमचं?" "कायमचं." त्या माउलीनं इकडं तिकडं पाहिलं, पदर डोक्यावरून नीट घेतला आणि थेट त्यांच्या छातीला सांगितलं,

"खाकी सदऱ्यावर लुकलुकतो दिवा,
…रावांना सांगते, गार व्हायच्या आत जेवा."

आणि डबा त्यांच्या हातात कोंबून, तोंडावर पदर घेऊन, निघालेल्या टेम्पोत पुन्हा चढून गेल्या. मी जिथं टिंबं दिली आहेत तिथं त्यांनी नाव घेतलं होतं. व्याही तडक माझ्याकडं आले. उंबऱ्यावर थांबायचं विसरले, पेरूकडं जायचं विसरले. "इवाई," म्हणाले, "आज माजं नाव निगालं." त्या दिवशी त्यांनी आमच्या हिला पुरणपोळी करायला लावली आणि आमच्याच घरी आम्हाला आग्रह करून वाढली.

सुखाला नजर लागते म्हणतात. काही आठवड्यांनी एका सकाळी शेणाची पाटी उचलताना विहीणबाई खाली बसल्या आणि उठल्याच नाहीत. अर्धांगवायू. उजवा हात-पाय गेला आणि वाचा गेली. जीव वाचला, पण तोंडातून नुसता 'अं अं' असा आवाज. व्याहीबुवा दवाखान्यातून परत नोकरीवर येऊ लागले तेव्हा ते माझ्याकडं यायचे, "मी बंद हाय" म्हणायचे, मागच्या अंगणात जाऊन पेरूपुढं उभे राहायचे आणि काहीच बोलायचे नाहीत. थोड्या वेळानं तोंड धुऊन परत यायचे. मला फार वाईट वाटायचं. त्या झाडाला एखादी सणसणीत शिवी मिळावी म्हणून मी मनातल्या मनात नवस बोललो होतो.

एके दिवशी त्यांना एकदम आठवलं. तिचा आवाज आहे! त्या कॅमेऱ्यात आहे! धावत ठाण्यात गेले. तिथं संगणकावर बसणाऱ्या पोरीनं सांगितलं, "आहे, काका. पण ज्यात गुन्हा नाही, तक्रार नाही, ते ठरलेल्या मुदतीनं आपोआप पुसलं जातं. तुमचं जायला फार दिवस नाहीत आता." त्यांनी विहीणबाईंना 'कायमचं' सांगितलं होतं. पुस्तिका पाठ असलेल्या माणसानं तेवढ्यापुरती थाप मारली होती, आणि त्या थापेवर विसंबून तिनं जन्माची लाज सोडली होती. मी म्हटलं, "त्यात काय, त्या पोरीला सांगून मोबाइलवर घ्या उतरवून, कोण बघतंय?" त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मीच आरोपी वाटलो. म्हणाले, "कायद्याम्होरं उभं ऱ्हाऊन तिनं नाव घेतलंय माजं. त्ये चोरून आनू व्हय घरात?"

मग ते ओसरीवर येऊन बसले. चहाचा कप उचलला, तसाच खाली ठेवला. आणि अचानक मांडीवर थाप मारून म्हणाले, "इवाई, कागुद घ्या. तक्रार लिवायचीय. तक्रार आसली की पुसत न्हाईत." मी विचारलं, "कुणाविरुद्ध?" "कुनाविरुद म्हंजी? माज्याच!" त्यांनी स्वतःवरचे आरोप सांगितले आणि मी लिहीत गेलो. सदर हवालदाराने कारण नसताना एका निरपराध महिलेस नाव विचारले. सरकारी कॅमेरा घरगुती कामाला वापरला. आणि चित्रीकरण कायमचे राहते, अशी सदर महिलेस धादांत खोटी माहिती दिली. "लई मऊ हुतंय," ते म्हणाले, "जरा जोर येऊ द्या. ह्यो हवालदार कसला मानूस हाय, त्ये येऊ द्या त्यात." आणि तो कसला माणूस आहे हे सांगताना त्यांच्या तोंडून, विहीणबाई आजारी पडल्यापासूनची पहिली शिवी निघाली. मग दुसरी. मग अशी धार लागली की मला लेखणी खाली ठेवावी लागली. आतून आमची ही डोळे पुसत बाहेर आली. "भाऊ जरा बरे झाले वाटतं," ती म्हणाली. कोऱ्या नोंदीवर आता लाल शेरा बसणार होता. मी आठवण करून दिली तर म्हणाले, "बसू द्या. निदान ऱ्हाईल तरी."

चौकशीला ठाण्याच्या फौजदार मॅडम स्वतः माल्याला आल्या, कारण विहीणबाईंचा जबाब घ्यायचा होता आणि त्यांना उठता येत नव्हतं. नातेवाईक म्हणून मी हजर होतो. मॅडमच्याही छातीवर कॅमेरा. उंबऱ्यावर थांबून त्या म्हणाल्या, "तुमचं चित्रीकरण चालू आहे. आत येऊ का?" व्याहीबुवांचा हात आपोआप केसांकडं गेला. "वाईच थांबा, मॅडम," म्हणत ते आत पळाले आणि मिशीला तेल लावून, कंगवा फिरवून, पाटलोणीची घडी सारखी करत बाहेर आले. माल्याच्या बांधावर त्या दिवशी जमलेल्या सगळ्यांची मला आठवण झाली.

मॅडम म्हणाल्या, "स्वतःविरुद्ध तक्रार करणारा हवालदार मी पहिल्यांदाच बघतेय. एवढे नियम पाठ असलेला माणूस तुम्ही, शेवटचं पान वाचलं नाहीत का? आणा ती पुस्तिका." ती देव्हाऱ्यातून आली. शेवटची दोन पानं खंडेनवमीच्या ओल्या हळदकुंकवानं एकमेकांना घट्ट चिकटली होती. मॅडमनी ती नखानं सोडवली आणि वाचून दाखवलं: ज्या व्यक्तीचं चित्रीकरण झालं, तिनं मुदतीत अर्ज केल्यास तिला त्याची प्रत देता येईल. "साधा अर्ज, हवालदार. ह्यांचा अंगठा चालला असता." व्याहीबुवांचं तोंड उघडलं. मान फुगली, कान लाल झाले. मी वाट बघत होतो. त्यांची नजर मॅडमच्या छातीवरच्या लाल दिव्यावर गेली आणि तोंड मिटलं. "मॅडम," ते हात जोडून म्हणाले, "आपन चालू हायसा, न्हाईतर मी आत्ता सोताला काय म्हनलो आसतो…" मॅडमना हसू आवरेना. तरी त्या म्हणाल्या, "पण आता तक्रार नोंदली गेलीय. ताकीद लागणार. लाल शाईनं." "लागू द्या," ते म्हणाले.

मग मॅडमनी विहीणबाईंच्या बाजेशेजारी स्टूल ओढलं, लॅपटॉप उघडला. आधी शेळ्या दिसल्या, मग दुधाचा टेम्पो, मग विहीणबाई, वाकून बघताना. आणि त्या घरात कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज आला. खाकी सदऱ्यावर लुकलुकतो दिवा. व्याही सावधानमध्ये उभे होते, हनुवटी वर, आणि डोळ्यांतलं पाणी मिशीत उतरत होतं. विहीणबाई स्वतःकडं टक लावून बघत होत्या. उखाणा संपला, मॅडमनी विचारलं, "ह्या हवालदारांविरुद्ध तुमची काही तक्रार आहे का?" विहीणबाईंनी मान हलवली नाही. त्यांचे ओठ हलू लागले. "खा… की…" आम्ही सगळे पुढं वाकलो. एकेक शब्द जात्यातून ओढून काढल्यासारखा येत होता. "दि… वा." आणि मग नावाशी येऊन त्या थांबल्या. ओठ मिटले. डावा हात हळूहळू वर गेला आणि त्यांनी पदर तोंडावर ओढून घेतला.

"आसू दे," व्याही सावधान सोडून बाजेपाशी खाली बसत म्हणाले, "आसू दे. फुडचं पाठ हाय मला."

आता ते निवृत्त झाले. नोंदीतला एक लाल शेरा घेऊन गेले आणि तो सगळ्यांना कौतुकानं सांगतात. कॅमेरा ठाण्यात परत गेला. अंगठा लावून मिळालेली प्रत घरी आहे, ती रोज संध्याकाळी लावतात. विहीणबाईंना आता पाणी, भाकर, म्हैस, नातीचं नाव, एवढं सगळं म्हणता येतं. पहिली ओळही अखंड येते. नावाशी मात्र अजून थांबतात. ते नाव त्यांनी पुन्हा घ्यायच्या आधी मी इथं घेऊन टाकणं बरं दिसत नाही, म्हणून सांगितलं नाही. डॉक्टर म्हणतात, वाचेचं असंच असतं, एखादा शब्द अडतो, धीर धरा. मी हे व्याहीबुवांना सांगितलं तर ते मिशीवरून हात फिरवून आतल्या दाराकडं बघत हळूच म्हणाले, "डाक्टरला काय कळतंय, इवाई? लाजतीया ती."